म्हाताऱ्या मांजराचं नाक वाहतंय? आधी दात बघा

मांजर दहा-बारा वर्षांचं झालं की बऱ्याच घरांत हे सुरू होतं. आधी अधूनमधून शिंका, मग एका नाकपुडीतून पिवळसर शेंबूड. पशुवैद्य अँटिबायोटिक देतात, आठवड्याभरात नाक कोरडं होतं आणि सगळे निर्धास्त होतात. तीन-चार आठवडे गेले की पुन्हा तेच. औषध बदललं जातं, थोडा आराम पडतो, पुन्हा शिंका. असे चार-पाच कोर्स झाल्यावर कोणीतरी म्हणतं, "वय झालं त्याचं, चालायचंच."

नुसत्या वयामुळे नाक वाहत नाही. वयाबरोबर दात आणि हिरड्या खराब होतात, लहानपणी नाकात झालेली इजा डोकं वर काढते, गाठींची शक्यता वाढते. या सगळ्यांची बाहेरून दिसणारी खूण मात्र एकच, वाहतं नाक. यातलं दातांचं कारण सापडलं तर ते बहुतेक वेळा मुळापासून बरं करता येतं. आणि नेमकं तेच सगळ्यात उशिरा तपासलं जातं, कारण मांजराचं तोंड उघडून आतपर्यंत नीट बघू देणारं मांजर अजून जन्माला यायचंय.

## नाकाचा तळ, तोंडाचं छत

मोठ्या मांजराला ३० दात असतात, १६ वर आणि १४ खाली. त्यातले वरचे दोन सुळे आपल्या विषयात महत्त्वाचे. सुळ्याचा जो टोकदार भाग आपल्याला दिसतो, त्याहून लांब मूळ हाडात शिरलेलं असतं. हे मूळ मागच्या बाजूला वळतं आणि नाकाच्या पोकळीला खेटून जातं. मूळ आणि नाक यांच्यामध्ये हाडाचा जो पापुद्रा असतो तो फारच पातळ. सुळ्याभोवती महिनोन्‌महिने जंतुसंसर्ग राहिला तर तो पापुद्रा झिजून जातो आणि तोंडातून नाकात थेट वाट तयार होते.

या वाटेला पशुवैद्य 'ओरोनेझल फिस्चुला' म्हणतात. आपण तिला भगदाड म्हणू. शब्द मोठा वाटला तरी भगदाड लहानसंच असतं. बऱ्याचदा ते सुळ्याच्या आतल्या अंगाला, हिरडीच्या आड लपलेलं असतं आणि वरून बघून कळत नाही. त्यातून लाळ, अन्नाचे कण आणि तोंडातले जंतू नाकात जात राहतात. नाकाचं आतलं अस्तर सुजतं, शेंबूड तयार होतो, मांजर शिंकून तो बाहेर फेकायला बघतं. खाताना किंवा पाणी प्यायल्यावर लगेच शिंका येत असतील, तर संशयाची सुई आधी सुळ्यांकडे वळवायला हरकत नाही. दात पडून गेला असेल तरी भगदाड मागे उरू शकतं. "तो सुळा तर केव्हाच पडला" हे ऐकून शंका मिटत नाही, उलट वाढायला हवी.

शेजारच्या घरात नळ गळत असला की ओल आपल्या भिंतीवर उमटते. आपण पोपडे खरवडतो, रंग काढतो, महिनाभर भिंत छान दिसते आणि मग ओल पुन्हा वर येते. ज्याचा सुळा सडलाय त्या मांजराच्या नाकासाठी अँटिबायोटिक देत राहणं म्हणजे असा रंग काढत राहणं. प्रत्येक वेळी थोडे दिवस गुण येतो, म्हणूनच खरं कारण शोधायचं लांबणीवर पडतं.

सुळ्यांच्या मागे असलेल्या वरच्या मोठ्या दाढेचं दुखणं दुसरीकडे फुटतं. या दाढेला तीन मुळं असतात आणि त्यांची टोकं डोळ्याच्या जवळ पोचतात. तिथे पू झाला की डोळ्याखाली सूज येते, कधी ती फुटून वाहते, आणि घरचे समजतात की दुसऱ्या मांजराशी भांडताना चावा बसला.

## दात बिघडतात म्हणजे काय होतं?

माणसाच्या दाढेला लागते तशी कीड मांजरांना जवळपास लागतच नाही. त्यांचे दात वेगळ्या वाटांनी जातात.

पहिली वाट हिरड्यांची. दातांवर जंतूंचा चिकट थर बसतो, लाळेतले क्षार त्यात मिसळतात आणि काही दिवसांत त्याचं कडक, पिवळं-तपकिरी कीट होतं. आपलं लक्ष त्या कीटाकडे जातं, पण खरं नुकसान हिरडीच्या खाली चाललेलं असतं. सुरुवातीला हिरडी फक्त लाल होते, सुजते. या टप्प्यावर नीट साफसफाई केली तर ती पूर्ववत होते. पुढे दाताला धरून ठेवणारं हाड झिजायला लागलं की मात्र गेलेलं हाड परत मिळत नाही, दात हलू लागतो. म्हाताऱ्या मांजरांत याचा एक फसवा प्रकार दिसतो: सुळ्याभोवतीचं हाड जाड होऊन फुगतं आणि सुळा हळूहळू जबड्यातून बाहेर सरकतो. घरात कौतुक होतं, "बघा, सुळे कसे वाढलेत याचे!" मोठ्या मांजराचे सुळे वाढत नसतात. लांब दिसणारा सुळा म्हणजे निसटत चाललेला सुळा.

दुसरी वाट चमत्कारिक आहे. पिल्लांचे दुधाचे दात पडतात तेव्हा त्यांची मुळं विरघळवायचं काम शरीरातल्या विशिष्ट पेशी करतात. कितीतरी मांजरांत याच जातीच्या पेशी मोठेपणी पुन्हा कामाला लागतात आणि चांगले पक्के दात खाऊ लागतात. याला 'टूथ रिसॉर्प्शन' म्हणतात, म्हणजे दात शरीरातच जिरत जाणं. हे का होतं याचं पक्कं उत्तर विज्ञानाला अजून मिळालेलं नाही. वय वाढेल तसं प्रमाण वाढतं एवढं मात्र नक्की, आणि म्हाताऱ्या मांजरांत ते इतकं सर्रास आढळतं की पशुवैद्य दाताच्या कडेला हिरडीचा लालसर ठिपका दिसला की आधी यालाच शोधतात. झिजलेली जागा उघडी पडली की ती भयंकर दुखते. तिथे साधा स्पर्श झाला तरी मांजराचा जबडा थरथरतो, कधीकधी भुलेखालीसुद्धा. बहुतेकदा सुरुवात खालच्या जबड्यातल्या पुढच्या दाढेपासून होते. खालच्या दाढेचा नाकाशी संबंध नाही हे खरं, पण तोंडात एक दात असा निघाला की बाकीचेही तपासावे लागतात.

तिसरी वाट म्हणजे 'स्टोमॅटायटिस'. सगळं तोंड, विशेषतः घशाजवळचा भाग, लालबुंद होतो. शरीराची प्रतिकारशक्ती दातांवरच्या जंतूंवर आणि विषाणूंवर प्रमाणाबाहेर तुटून पडते, असा साधारण समज आहे. अशी मांजरं वाडग्यापाशी पळत येतात, एक घास घेतात आणि किंचाळून मागे सरतात.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. एकाच जागचा दात अचानक हलायला लागला, तिथली हिरडी किंवा जबडा एका बाजूने फुगला, किंवा दात काढलेली जखम भरतच नसेल, तर तिथला तुकडा तपासायला पाठवायलाच हवा. मांजरांच्या तोंडात सगळ्यात जास्त आढळणारा कर्करोग, स्क्वेमस सेल कार्सिनोमा, सुरुवातीला हिरडीच्या साध्या दुखण्यासारखाच दिसतो.

## "पण ते तर व्यवस्थित खातंय!"

दात दुखत असता तर खाणं सोडलं असतं, हा युक्तिवाद प्रत्येक पशुवैद्याने हजारदा ऐकलेला असतो. मांजर खाणं सोडत नाही. एकट्याने शिकार करून जगणाऱ्या प्राण्याला दुखणं दाखवणं परवडत नाही, आणि भूक दुखण्यापेक्षा मोठी असते. शिवाय मांजर आपल्यासारखं चावून चावून खात नाही. दाढांनी कातरायचं आणि गिळायचं. कोरड्या खाण्याचे दाणे तर पुष्कळ मांजरं अख्खेच गिळतात. त्यामुळे अर्धे दात सडलेले असतानाही वाडगा रिकामा होऊ शकतो.

बघायचं ते खाण्याच्या तऱ्हेकडे. मान एका बाजूला कलती करून खाणं, तोंडातून दाणे सांडणं, कोरडं सोडून फक्त ओलं खाणं, खाताना मध्येच पंजा तोंडाकडे नेणं. जांभई अर्धवट सोडणं. अंग चाटणं कमी होऊन पाठीवरचे केस गुंतणं, कारण चाटायलाही तोंडच लागतं. गालावरून हात फिरवला की चिडणं. तोंडाला वास येणं तर असतंच. "मांजराच्या तोंडाला वास यायचाच" असं आपण धरून चालतो, पण निरोगी मांजराच्या तोंडाला खाल्लेल्या अन्नाचा वास येतो, कुजल्याचा नाही.

दात काढून आणल्यावर पंधरा दिवसांनी लोक सांगतात की मांजर पुन्हा खेळायला लागलं, उड्या मारायला लागलं, अंगावर येऊन बसायला लागलं. ज्याला सगळे म्हातारपण समजत होते ते बरंचसं दातदुखी होतं, हे तेव्हा लक्षात येतं.

## सगळा दोष दातांचा नसतो

नाकाची स्वतःची दुखणीही कमी नाहीत, आणि दातांमागे लागून ती विसरणं तितकंच चुकीचं. मांजरांच्या सर्दीमागे बहुतेक वेळा दोन विषाणू असतात: मांजरांचा हर्पिसविषाणू आणि कॅलिसीविषाणू. दोन्ही माणसांना लागत नाहीत. हर्पिसविषाणू एकदा शरीरात शिरला की बहुतेक मांजरांच्या चेहऱ्याच्या मज्जातंतूंमध्ये जन्मभर दडून बसतो. घर बदललं, नवं मांजर आलं, मोठं आजारपण झालं किंवा स्टिरॉइड दिलं की तो जागा होतो.

नाकाच्या आत हाडांच्या नाजूक, गुंडाळलेल्या पडद्या असतात. त्या आत येणारी हवा गरम करतात, ओलसर करतात, गाळतात. पिल्लूपणी झालेली जोराची सर्दी या पडद्यांची कायमची नासधूस करू शकते. तरुणपणी मांजर ते निभावून नेतं. पुढे त्या मोडलेल्या जागांमध्ये शेंबूड साठत राहतो, त्यात जंतू वाढतात, आणि वर्षानुवर्षं चालणारी नाकाची सूज मागे लागते. ही सूज म्हणजेच 'क्रॉनिक ऱ्हायनायटिस'. ही पूर्ण बरी होत नाही, आटोक्यात ठेवता येते.

नाकात बुरशीही वाढू शकते. क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी मातीत आणि पक्ष्यांच्या, विशेषतः कबुतरांच्या, विष्ठेत असते. श्वासाबरोबर ती आत गेली तर काही मांजरांच्या नाकाचा वरचा भाग फुगतो, चेहऱ्याचा आकारच बदलतो. बुरशीवर औषध आहे, पण ते कित्येक महिने द्यावं लागतं. इथे अँटिबायोटिकचा काहीही उपयोग नाही.

आणि गाठी. मांजरांच्या नाकातली सगळ्यात जास्त आढळणारी गाठ लिम्फोमाची, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या एका कर्करोगाची. ऐकून धस्स होतं, पण नाकापुरता मर्यादित असलेला लिम्फोमा रेडिएशनला चांगला दाद देतो. त्यानंतर वर्षाहून जास्त काळ सुखाने जगलेली मांजरं आहेत. म्हणून "गाठ असेल तर काय उपयोग, कशाला तपासा" हे म्हणणं मला पटत नाही. कोणती गाठ आहे हे कळल्याशिवाय उपयोग नाही हे कसं कळणार?

घरी बसून एक अंदाज बांधता येतो. शेंबूड एकाच नाकपुडीतून येत असेल तर दात, गाठ, बुरशी किंवा नाकात अडकलेली गवताची काडी यांचा विचार आधी करायचा. दोन्हीकडून येत असेल आणि मांजराला लहानपणापासून सर्दीचा इतिहास असेल, तर जुनी सूज जास्त संभवते. हा नियम ढोबळ आहे. गाठ वाढून नाकामधला पडदा ओलांडते, दोन्ही सुळे एकदम बिघडतात, आणि जुनी सूज कधी एकाच बाजूला जास्त असते. रक्त येत असेल तर मात्र अंदाज बांधत बसायचं नाही. गाठ तर असू शकतेच, पण म्हाताऱ्या मांजरात वाढलेल्या रक्तदाबानेही नाकातून रक्त येतं, आणि तो मोजायला मिनिटं लागतात.

## अँटिबायोटिकने बरं वाटतं, मग तेच चालू ठेवलं तर?

बरं वाटतं कारण नाकातला जंतुसंसर्ग खरा असतो. फक्त तो पाठोपाठ आलेला असतो. आधी भगदाड, मोडलेल्या पडद्या किंवा गाठ, आणि त्यावर जंतू. औषधाने जंतू कमी झाले की शेंबूड पातळ होतो. मूळ कारण तिथेच असल्याने नवे जंतू येतात, आणि दर कोर्सनंतर त्यातले औषधाला न जुमानणारे जास्त उरतात. कधीतरी खरोखर गरज पडेल तेव्हा तेच औषध चालणार नाही.

शेंबूड कापसाच्या बोळ्यावर घेऊन प्रयोगशाळेत पाठवणं हाही बऱ्याचदा वाया गेलेला खर्च. निरोगी मांजराच्या नाकातही जंतू असतातच, त्यामुळे अहवालात काहीतरी वाढलेलं येतंच आणि त्यातून फारसं निष्पन्न होत नाही.

डॉक्सिसायक्लिन या नेहमीच्या औषधाबद्दल एक सूचना सगळ्यांना माहीत असायला हवी. याची गोळी मांजराला कोरडी गिळायला लावायची नाही. ती अन्ननलिकेत अडकली तर तिथे भाजल्यासारखी जखम होते आणि नंतर अन्ननलिका आकसते. गोळीमागून सिरिंजने थोडं पाणी द्यायचं किंवा लगेच थोडं ओलं खाणं खाऊ घालायचं.

## तपासणीचा क्रम

जागेपणी केलेल्या तपासणीत कीट, लाली, सूज, हलणारा दात कळतो. हिरडीच्या खाली काय आहे ते कळत नाही. दाताचा दिसणारा भाग शुभ्र आणि आत मूळ जिरलेलं, असं मांजरांत नेहमी सापडतं. म्हणून दातांची खरी तपासणी भुलेखाली होते: बारीक सळईने प्रत्येक दाताभोवतीची खोली मोजायची आणि दातांचे एक्स-रे काढायचे. हे एक्स-रे तोंडाच्या आत फिल्म ठेवून काढलेले असावेत. बाहेरून काढलेल्या डोक्याच्या एक्स-रेमध्ये एका बाजूचे दात दुसऱ्यावर चढतात आणि बारीक बिघाड निसटतो.

नाकासाठी सगळ्यात उपयोगी तपासणी म्हणजे सीटी स्कॅन. त्यात पडद्या, हाडं, दातांची मुळं आणि गाठ एकाच वेळी दिसतात. आधी स्कॅन, मग दुर्बिणीने नाकात बघणं, आणि शेवटी तुकडा घेणं, हा क्रम पाळायचा असतो. तुकडा आधी घेतला तर रक्त साचून पुढचं काहीच धड दिसत नाही. सीटी स्कॅनची सोय नसेल किंवा खर्च झेपत नसेल, तर भूल एकदाच द्यावी आणि त्याच वेळी दातांचे एक्स-रे, टाळूच्या मागचा भाग बघणं, नाक धुऊन काढणं आणि तुकडा घेणं, एवढं सगळं उरकावं. याचा फायदा पुष्कळ आहे. फक्त "दातांसाठी वेगळी भूल, नाकासाठी महिन्याने वेगळी" हे टाळता आलं तर टाळा.

## या वयात भूल?

लोक इथे थांबतात, आणि भीती निराधार नाही. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात भूल दिलेल्या प्राण्यांची मोठी पाहणी झाली. तीत दर चारशे मांजरांमागे साधारण एक भूल दिल्यापासून दोन दिवसांच्या आत भुलेच्या कारणाने दगावलं. निरोगी मांजरांत हे प्रमाण नऊशेमागे एक होतं, आजारी मांजरांत सत्तरमागे एक. आकड्यांतला हा फरक फार बोलका आहे. धोका ठरतो तो मुख्यतः मांजराला आणखी काय आजार आहे यावर, आणि ते आधी शोधता येतं. दहा वर्षांवरच्या मांजरांत किडनी, थायरॉइड, हृदय आणि रक्तदाब यांचे विकार नेहमीचे. म्हणून रक्त आणि लघवीची तपासणी, रक्तदाब, आणि हृदयाच्या आवाजात काही वेगळं आढळलं तर हृदयाची सोनोग्राफी, हे आधी झालं पाहिजे. थायरॉइड वाढलेला असेल तर तो आधी ताब्यात आणून मग दात. काही मांजरांच्या बाबतीत या सगळ्यानंतर उत्तर "नको" असंच येतं, आणि तेही मान्य करावं लागतं.

याच पाहणीतली दुसरी गोष्ट कमी बोलली जाते. दगावलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त मांजरं शस्त्रक्रिया संपल्यावर गेली, आणि त्यातली बरीच पहिल्या तीन तासांत. म्हणून पशुवैद्याला विचारायचा प्रश्न हा: भूल उतरताना मांजराजवळ कोण बसतं, त्याला गरम कसं ठेवता, किती वेळ?

दुसरा प्रश्न: तोंड उघडं ठेवायला काय वापरता? स्प्रिंगचा चिमटा लावून तोंड ताणून उघडं ठेवलं, तर जबड्यामागची रक्तवाहिनी दाबली जाऊ शकते. मांजराच्या डोळ्यांना आणि मेंदूला होणारा रक्तपुरवठा बराचसा तिच्यावर अवलंबून असतो. अशा चिमट्यामुळे मांजरं आंधळी झाल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. चांगले पशुवैद्य आता तोंड लागेल तेवढंच आणि लागेल तितकाच वेळ उघडतात. हा प्रश्न विचारल्यावर कोणी चिडलं, तर ती माहितीही कामाचीच.

भूल न देता दात साफ करून देणारे लोकही असतात. त्यांनी वरचं कीट खरवडलं की दात पांढरे दिसतात, हिरडीखालचं सगळं तसंच राहतं, आणि मांजर जागेपणी दाबून धरल्याने घाबरतं ते वेगळंच. यावर पैसे घालवू नका.

## एवढे दात काढले तर खाणार काय?

तेच खाईल जे आत्ता खातंय, फक्त न दुखता. जिरत चाललेला दात चांदी किंवा सिमेंट भरून वाचत नाही, कारण आतून खाणं थांबत नाही. तो काढावाच लागतो. काही वेळा एक्स-रेमध्ये मूळ हाडात पुरतं मिसळून गेलेलं दिसतं, तेव्हा फक्त वरचा भाग काढून हिरडी शिवली तरी चालतं. कोणत्या दाताला काय करायचं हे एक्स-रेशिवाय ठरवता येत नाही. एक्स-रेची सोय नसलेल्या ठिकाणी मांजराचे दात काढून घेऊ नयेत, असं मी म्हणेन.

स्टोमॅटायटिसमध्ये दाढा किंवा सगळेच दात काढावे लागतात. ऐकायला अघोरी वाटतं, पण दोन तृतीयांश मांजरांना त्याने भरपूर किंवा पूर्ण आराम पडतो. उरलेल्यांना औषधं चालू ठेवावी लागतात. बिनदातांचं मांजर ओलं खाणं मजेत खातं, आणि अनेक मांजरं थोड्या दिवसांनी दाणेही गिळायला लागतात.

भगदाड असेल तर दात काढून भागत नाही, ते हिरडीचा पदर ओढून शिवून बंद करावं लागतं. प्रत्येक शिंकेचा दाब त्या टाक्यांवर येतो, त्यामुळे कधी टाके सुटतात आणि दुसऱ्यांदा शिवावं लागतं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर पशुवैद्याचं काम फसलं असा समज होतो. तसंच, भगदाड नीट बुजल्यावरही नाकातल्या पडद्या आधीच खराब झाल्या असतील तर थोड्या शिंका राहू शकतात.

## घरी काय करायचं, काय नाही

नाक बंद असलेलं मांजर खात नाही, कारण त्याला अन्न आधी नाकाने पटावं लागतं. मांजराच्या जिभेवर आपल्या मानाने रुचीकळ्या फार थोड्या, आणि गोड चव तर त्याला कळतच नाही. म्हणून ओलं खाणं हाताला कोमट लागेल इतकं गरम करून द्या, वास उठतो. नाकावरची खपली कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने मऊ करून काढा. गरम पाण्याच्या शॉवरने वाफाळलेल्या न्हाणीघरात मांजराला दहा-पंधरा मिनिटं सोबत घेऊन बसलात तर शेंबूड सैल होतो. त्या वाफेत निलगिरीचं तेल, कापूर, बाम यातलं काहीही घालू नका. मांजराला ते विषारी ठरू शकतं.

मांजराने दिवसभर काहीच खाल्लं नाही तर पशुवैद्याला फोन करा. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, त्यातही लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठते आणि मूळ सर्दीपेक्षा तेच जिवावर बेततं.

माणसांची औषधं नकोत. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध निकामी करायची यंत्रणा मांजराच्या यकृतात फार दुबळी असते. आयबुप्रोफेन आणि सर्दीच्या गोळ्याही नकोत. हर्पिससाठी लायसिन या अमिनो आम्लाची पूड वर्षानुवर्षं खपवली गेली. २०१५ मध्ये तोवरचे सगळे अभ्यास तपासून पाहिले गेले तेव्हा तिचा काही उपयोग दिसला नाही. लसीकरण मात्र चालू ठेवा. त्याने विषाणू अडतोच असं नाही, पण आजार सौम्य राहतो.

दात घासायचे तर रोज घासले तरच अर्थ आहे, मांजरांसाठीच्या पेस्टने. आपली पेस्ट मांजर थुंकत नाही, गिळतं. दुखऱ्या तोंडात घासायला सुरुवात करू नका. आधी उपचार, जखमा भरल्यावर बोटाने सवय, मग ब्रश. ज्या मांजराला ब्रश मुळीच चालत नाही त्याच्यासाठी दातांचं खास खाणं मिळतं. त्यातलं कोणतं खरंच काम करतं हे बघायला व्हेटरनरी ओरल हेल्थ काउन्सिल या, प्राण्यांच्या दातांसाठीची उत्पादनं पारखणाऱ्या संस्थेची मान्यता आहे का ते पाहता येतं.

तोंड उघडं टाकून श्वास घेणं, नाकातून न थांबणारं रक्त, डोळा पुढे आल्यासारखा दिसणं, चेहरा एका बाजूने फुगणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. बाकी वेळी भेट ठरवलीत की आदल्या एक-दोन दिवसांत मोबाइलवर दोन व्हिडिओ काढून ठेवा: एक मांजर खातानाचा, एक शिंकतानाचा. तपासणीच्या टेबलावर मांजर शिंकत नाही आणि खातही नाही. कोणत्या नाकपुडीतून येतं, कधीपासून, आणि आजवर कोणतं अँटिबायोटिक किती दिवस दिलं, हे एका कागदावर लिहून न्या.